हायड्रोजन किती अंशांना सुटतो? आधी विचारा, किती दाबाला

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत प्रॉडक्शन बघणाऱ्या तरुण इंजिनिअरनं विचारलंय: "मॅग्नेशियम हायड्राइडमध्ये उत्प्रेरक मिसळून केलेलं कॉम्पोझिट २०० अंशांच्या आसपासच हायड्रोजन सोडायला लागतं, असं वाचलं. आमच्या हीट ट्रीटमेंटच्या भट्टीच्या धुराड्यातून ४०० अंशांच्या वरचा धूर रोज वाया जातोय. मग त्या धुरावर असली टाकी तापवून हायड्रोजन का काढू नये? आणि तापवल्यावर तो आतून सुटतो तरी कसा?"

प्रश्न रास्त आहे. काढता येईल, पण २०० अंशांना नाही. आणि धूर ४०० चा असला तरी त्यातली वरची थोडीच उष्णता तुमच्या कामाला येईल. असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण या विषयात वाचायला मिळणाऱ्या आकड्यांपैकी निम्मे आकडे खरे असूनही फसवतात.

धातूत हायड्रोजन शिरतो हे फौंड्रीवाल्याला नव्यानं सांगायला नको. ॲल्युमिनियमचा रस हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन ओढून घेतो आणि गोठताना बाहेर टाकतो. जॉब मशीनला लावला की पिनहोल दिसतात आणि मग मेल्टिंगवाला आणि मशीन शॉपवाला यांची जुंपते. पण तिथं हायड्रोजन नुसता विरघळलेला असतो. वितळलेल्या ॲल्युमिनियमच्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ०.७ घन सेंटिमीटर, आणि घट्ट झाल्यावर त्याच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास. मॅग्नेशियमचा प्रकार वेगळा. तो हायड्रोजनशी रीतसर संयुग करतो, एका अणूमागे हायड्रोजनचे दोन अणू. वजनात हे ७.६ टक्के भरतं. म्हणजे १०० ग्रॅम मॅग्नेशियम हायड्राइडमधून साध्या दाबाचा सुमारे ८५ लिटर हायड्रोजन निघतो. आकारमानाचा हिशेब तर आणखी चकित करतो: एका घनमीटर हायड्राइडमध्ये ११० किलो हायड्रोजन असतो. उणे २५३ अंशांना द्रवरूप केलेला हायड्रोजन घनमीटरला ७१ किलोच भरतो आणि ७०० बारला दाबलेला ४० किलोच्या आसपास. घन पदार्थात तो द्रवापेक्षा दाटीनं बसतो, आणि तेही कुठलाही प्रचंड दाब न लावता. माणसं या पदार्थांच्या मागं लागली ती यामुळं.

आता किंमत. हायड्रोजन शिरताना मोलमागे सुमारे ७५ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, आणि तो सोडवताना तेवढीच परत द्यावी लागते. किलोच्या भाषेत बोलू. एक किलो हायड्रोजन सोडवायला ३७ मेगाज्यूल, म्हणजे विजेची दहा युनिटं. त्या एक किलो हायड्रोजनमध्ये जळून मिळणारी ऊर्जा ३३ युनिटं. जवळजवळ तिसरा हिस्सा नुसता दार उघडायलाच जातो. ही उष्णता फुकटची असेल तरच गणित जमतं, म्हणून तुमचा धुराड्याचा विचार मुळात चुकीचा नाही.

तापवल्यावर आत काय घडतं? हायड्राइडच्या कणात आधी कुठंतरी, बहुधा एखाद्या दोषापाशी किंवा दोन स्फटिकांच्या सीमेवर, शुद्ध मॅग्नेशियमची बारीक कळी धरते. तिथून मॅग्नेशियमचा भाग वाढत जातो आणि हायड्राइडचा आक्रसत जातो. सुटे झालेले हायड्रोजनचे अणू एकेकटे पृष्ठभागाकडे सरकतात, तिथं जोडीदार गाठून रेणू होतात आणि मगच वायू म्हणून उडतात. भरताना हेच उलट. रेणू पृष्ठभागावर फुटायला हवा, आणि मॅग्नेशियमला हे काम नीट जमत नाही. त्यात वरून ऑक्साइडचा थर असतो. शिवाय बाहेरून हायड्राइडचं कवच तयार झालं की त्यातून आत शिरणं हायड्रोजनला फार जड जातं. मोठा कण घेतला तर गाभा कोराच राहतो. म्हणून साध्या मॅग्नेशियमच्या पावडरीला ३५० ते ४०० अंशांनाही तासन् तास लागतात.

त्यावरचा उपाय म्हणजे बॉल मिल, म्हणजे पोलादी गोळ्यांनी पावडर कुटणारी चक्की. हायड्राइड आणि थोडा उत्प्रेरक आरगॉनमध्ये काही तास कुटायचा. स्फटिकांचा आकार १०-२० नॅनोमीटरपर्यंत उतरतो, दोष आणि सीमा वाढतात, वाट आखूड होते. नायोबियम पेंटॉक्साइड अर्धा मोल टक्का एवढं चिमूटभर घातलं, तर ३०० अंशांना सगळा हायड्रोजन काही मिनिटांत सुटतो. हे जर्मन गटानं २००३ मध्ये दाखवलं आणि त्यानंतर टायटॅनियम, व्हॅनेडियम, निकेल, लोह, जे हाताला लागेल ते घालून बघितलं गेलं.

आता तुमच्या २०० अंशांकडे येतो. उत्प्रेरकामुळं मॅग्नेशियम आणि हायड्रोजन यांच्यातल्या बंधाची किंमत बदलत नाही. रत्नागिरीहून कोल्हापूरला यायचं तर आंबा घाट चढावा लागतो. घाटात बोगदा पाडला तर गाडी लवकर पोहोचेल, इंजिनाचा जोर कमी लागेल. पण कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे ते आहेच, तेवढं चढणं कुणाला चुकणार नाही. उत्प्रेरक म्हणजे तो बोगदा. ७५ किलोज्यूल ही कोल्हापूरची उंची.

आणि दाब ठरतो तो या उंचीवरून. शुद्ध मॅग्नेशियम हायड्राइडवर हायड्रोजनचा समतोल दाब एक बार व्हायला सुमारे २८० अंश लागतात. ३०० ला तो पावणेदोन बारच्या आसपास जातो, ३५० ला सहाच्या आसपास. खाली उतरलात तर २५० अंशांना अर्धा बारही नाही, आणि २०० अंशांना जेमतेम ०.०७ बार. टाकीतला दाब यापेक्षा जास्त असेल तर हायड्रोजन बाहेर येणार नाही, उलट आत शिरेल. उत्प्रेरक कितीही भारी असो.

मग "२०० अंशांना सुटतो" हे लिहिणारे खोटं लिहितात का? नाही. त्यांनी चिमूटभर नमुना घेतला, त्यावरून आरगॉन वाहता ठेवला आणि सावकाश तापवत वजन किती घटतं ते पाहिलं. वाहत्या आरगॉनमध्ये हायड्रोजनचा दाब जवळजवळ शून्यच असतो, सुटलेला रेणू लगेच वाहून जातो, म्हणून ०.०७ बारसुद्धा पुरेसा पडतो. प्रयोग खरा, आलेखही खरा. पण तुमच्या टाकीला नळी लावून फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज करणारा संच) चालवायचा असेल तर तिथं निदान एक-दीड बार तरी हवा, आणि तो २८० च्या खाली मिळणार नाही. म्हणून असला कुठलाही आकडा दिसला की तीन गोष्टी विचारत चला: समोरचा दाब किती होता, तापवण्याचा वेग किती होता, आणि "सुटायला लागतो" म्हणजे पहिला बुडबुडा की नव्वद टक्के माल? वेगाचं असं की मिनिटाला दहा अंशांनी तापवलं तर सुटण्याच्या वेगाच्या आलेखाचं शिखर एका तापमानाला दिसतं, दोन अंशांनी तापवलं तर चांगलंच खाली. एकाच पावडरीची दोन वेगळी "तापमानं" या एवढ्यानंच मिळतात.

चौथी गोष्ट जरा वाकडी आहे. वजन घटलं म्हणजे हायड्रोजनच गेला असं धरू नका. हायड्राइडला दमट हवा लागलेली असेल तर वर मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड झालेलं असतं, आणि ते ३५० अंशांच्या आसपास पाणी सोडतं. पाण्याचा रेणू हायड्रोजनच्या नऊपट जड. थोडंसं पाणी गेलं तरी कागदावर भरपूर हायड्रोजन दिसतो. आपल्याकडच्या जून-जुलैत नमुना नुसता बाटलीत ठेवून दिला तर हा घोळ हमखास होतो. शेजारी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे निघणारा वायू कुठला ते ओळखणारं यंत्र, नसेल तर त्या वजनाच्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही.

खरोखर तापमान खाली आणायचं असेल तर कोल्हापूरची उंचीच बदलायला हवी, म्हणजे हायड्रोजन सुटल्यावर मागं उरणारा पदार्थ वेगळा हवा. कॉम्पोझिट या शब्दाला इथं खरा अर्थ येतो. लिथियम बोरोहायड्राइड घ्या. वजनाच्या १८.५ टक्के हायड्रोजन, ऐकूनच तोंडाला पाणी सुटतं. पण हे संयुग एकटंच तापवलं तर हायड्रोजन ४०० अंशांच्या वर कुठं नीट सुटतो आणि मागं उरतो तो मूळ बोरॉन, ज्याला पुन्हा हायड्रोजनशी जोडायचं म्हणजे महाकठीण काम. २००५ मध्ये वाजो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात मॅग्नेशियम हायड्राइड मिसळलं. आता हायड्रोजन गेल्यावर बोरॉन सुटा राहत नाही, मॅग्नेशियमला धरून मॅग्नेशियम डायबोराइड होतो. हे संयुग स्थिर असल्यामुळं मोलमागे सुमारे २५ किलोज्यूलची बचत होते, आणि मिश्रणात ११.५ टक्के हायड्रोजन मावतो. मुख्य म्हणजे वाट परतीची राहते.

कागदावर हे फार देखणं आहे. प्रत्यक्षात मात्र आधी मॅग्नेशियम हायड्राइड आपला हायड्रोजन सोडून मोकळं होतं, मग बराच वेळ काहीच घडत नाही, आणि ४०० च्या आसपास बोरोहायड्राइडची पाळी येते. तोवर ते वितळलेलं असतं, कारण ते २८० अंशांनाच वितळतं. त्यात आणखी एक उलटा न्याय: समोर काही बार हायड्रोजनचा दाब ठेवला तरच डायबोराइड नीट तयार होतं. निर्वातात तापवलं तर लवकर सुटेल असं वाटतं, पण तसं केलं की बोरॉन मोकाट सुटतो आणि पुढच्या वेळी भरताना क्षमता घटलेली दिसते. शिवाय बोरोहायड्राइडमधून कधीकधी डायबोरेनचा अंश येतो, तो विषारी आणि फ्युएल सेललाही घातक. माझं मत विचाराल तर हा पदार्थ प्रयोगशाळेत शिकण्यासाठी उत्तम आहे, शिरोलीत आणायला नाही.

सोडियम ॲलनेट, म्हणजे सोडियम, ॲल्युमिनियम आणि हायड्रोजन यांचं संयुग, हा मधला मार्ग. १९९७ मध्ये बोगदानोविच आणि श्विकार्डी या संशोधकांनी त्यात टायटॅनियम घालून तो पुन्हा भरता येतो हे दाखवलं. दोन टप्प्यांत मिळून ५.६ टक्के. पहिल्या टप्प्याला मोलमागे ३७ किलोज्यूल, दुसऱ्याला ४७. व्यवहारात १२० ते १८० अंशांत काम होतं, पण भरताना शंभर बारच्या आसपास दाब लावावा लागतो. सच्छिद्र कार्बनच्या नॅनोमीटरभर भोकांत हायड्राइड कोंडून ठेवणं हाही एक प्रकार आहे. कण मोठे होत नाहीत, वेग वाढतो, पण त्या कार्बनचं वजन फुकट वाहावं लागतं.

इथपर्यंत रसायन झालं. टाकी बांधायला घेतली की मात्र रसायनवाला बाजूला होतो आणि भट्टीवाल्याची पाळी येते. उष्णता आत पोहोचवायची कशी? नुसती हायड्राइडची पावडर ही उष्णतेच्या बाबतीत जवळजवळ इन्सुलेशनच आहे. तिची वाहकता मीटर-केल्व्हिनमागे एक वॅटही भरत नाही. बाहेरून तापवलं तर भिंतीजवळची पावडर हायड्रोजन सोडून रिकामी होते आणि मधली थंडच राहते, कारण प्रत्येक सुटणारा रेणू आजूबाजूची उष्णता खात असतो. तुम्ही ३५० चा धूर दिलात तरी मधला थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) २८०-२९० वर ठाण मांडून बसतो. हे सेन्सर बिघडल्याचं लक्षण नव्हे. तिथल्या दाबाला जे समतोल तापमान, त्यावरच तो अडकलेला असतो, आणि तिथला हायड्रोजन संपल्याशिवाय वर जात नाही. पाणी उकळताना शंभरावर थांबतं तोच नियम.

म्हणून पावडरीत पाच-दहा टक्के फुगवलेलं नैसर्गिक ग्रॅफाइट मिसळून प्रेसमध्ये वड्या दाबतात. ग्रॅफाइटचे पापुद्रे दाबाच्या दिशेला आडवे पडतात, त्यामुळं वडीच्या त्रिज्येच्या दिशेनं वाहकता कितीतरी पटींनी वाढते, उभ्या दिशेनं तेवढी नाही. मग वड्या नळीत एकावर एक रचायच्या आणि उष्णता बाजूनं द्यायची. फ्रान्समध्ये मॅकफी कंपनीनं मॅग्नेशियम हायड्राइडच्या टाक्या याच पद्धतीनं बनवल्या होत्या. हे ग्रॅफाइट रसायनात काडीचा बदल करत नाही, तरी माझ्या मते प्रत्यक्ष टाकीत नव्या उत्प्रेरकापेक्षा तेच जास्त कामाचं. वडीतलं मॅग्नेशियम हायड्रोजन भरताना सुमारे ३० टक्के फुगतं, ती जागा मात्र ठेवावी लागते. नाहीतर नळीच फुगते.

भरतानाची उष्णता तर त्याहून मोठं दुखणं. समजा मोटारीच्या टाकीत पाच मिनिटांत पाच किलो हायड्रोजन भरायचाय. पाच किलोचे १८५ मेगाज्यूल पाच मिनिटांत बाहेर काढायचे म्हणजे सहाशे किलोवॅटच्या वर. तासाला टनभर लोखंड वितळवणारी इंडक्शन भट्टी जेवढी वीज ओढते, तेवढी उष्णता गाडीच्या डिकीतून बाहेर फेकायची! मॅग्नेशियम हायड्राइडवर चालणारी मोटार रस्त्यावर दिसत नाही, त्याचं एक कारण हे. एका जागी उभ्या असलेल्या, आठ तास निवांत भरणाऱ्या टाकीला ही अडचण नाही.

आता तुमच्या धुराड्याचा हिशेब. तासाला एक किलो हायड्रोजन हवा असेल तर १० किलोवॅट उष्णता हवी, आणि तीही सव्वातीनशेच्या वरची, म्हणजे धूर निदान साडेतीनशेला सोडून द्यावा लागेल. ४२० चा धूर ३५० पर्यंत उतरवला तर किलोमागे ७७ किलोज्यूल हाती लागतात. म्हणजे तासाला पाचशे किलोच्या आसपास धूर, म्हणजे साधारण तासाला तीसेक किलो फर्नेस ऑइल जाळणारी भट्टी. एवढ्या भट्टीतून तासाला किलोभर हायड्रोजन. जमण्यासारखं आहे, पण ३५० च्या खालची सगळी उष्णता तरीही धुराड्यातूनच जाणार. त्या धुरावर आधी ज्वलनाची हवा किंवा चार्ज (भट्टीत घालायचा माल) तापवला तर इंधनाची बचत पहिल्या दिवसापासून दिसेल आणि उष्णता शंभर-दीडशे अंशांपर्यंत वापरता येईल. हायड्रोजनचा मोह त्यानंतर.

पण तुमच्याकडं इंडक्शन भट्टीही असणार. तिच्या कॉइलचं कूलिंगचं पाणी ५०-६० अंशांना परत येतं आणि कूलिंग टॉवरवर नुसतं उडून जातं. त्याच्याकडं कुणी बघत नाही, पण मला विचाराल तर हायड्रोजनसाठी खरी जागा तीच. लँथेनम-निकेलचं मिश्रधातू घ्या, एकाला पाच प्रमाणाचं. त्याला मोलमागे ३१ किलोज्यूलच लागतात. खोलीच्या तापमानालाच त्याचा दाब दोन बारच्या आसपास असतो आणि ६० अंशांच्या पाण्यावर पाच-सहा बारपर्यंत जातो. फ्युएल सेलला एवढं पुरेसं झालं. दोष एकच, वजनात हायड्रोजन अवघा १.४ टक्के; किलोभरासाठी ७० किलोच्या वर मिश्रधातू. मोटारीला हे परवडत नाही, पण जागेवर बसवायच्या टाकीला वजनाचं काय? आणि फोर्कलिफ्टला तर मागं वजन मुद्दाम लावावंच लागतं. टायटॅनियम-लोहाचं मिश्रधातू याच जातीतलं, जरा स्वस्त आणि पावणेदोन टक्क्यांच्या पुढचं. जर्मनीच्या २१२ वर्गाच्या पाणबुड्यांत हायड्रोजन असल्याच मिश्रधातूत साठवतात. मात्र पहिल्यांदा भरताना ते फार हट्टीपणा करतं, तापवून आणि दाब देऊन जागं करावं लागतं.

म्हणून उद्या कुणी साडेसात टक्क्यांचा पदार्थ घेऊन आला तर टक्क्यांनी भुलू नका. तुमच्याकडं किती अंशांची उष्णता रोज, न चुकता, फुकट मिळते ते आधी बघा आणि त्याला जुळणारा हायड्राइड शोधा. साखर कारखान्यातल्या एखाद्यानं हाच प्रश्न विचारला असता तर त्याच्या एक्झॉस्ट स्टीमच्या तापमानाकडं बघून मी त्याला ॲलनेटचा विचार करायला सांगितलं असतं, जरी ती वाफ रस आटवायला लागते म्हणून तो ती देणार नाही हे मला माहीत आहे.

करून बघायचंच असेल तर दोन-चार गोष्टी. मॅग्नेशियमची टाकी ऑस्टेनिटिक स्टेनलेसच्या सीमलेस नळीची करा. आपल्याकडं ओतलेलं भांडं नको, आणि ३५० अंशांच्या हायड्रोजनला साधं कार्बन स्टीलही नको. हायड्रोजन त्यातल्या कार्बनला खातो आणि पोलाद आतून फुटतं. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की ठिणगीला निमित्त पुरतं, म्हणून शेडचं छप्पर वरून उघडं हवं. कुटलेली पावडर आरगॉनच्या बाहेर उघडायची नाही. एसजी आयर्नला मॅग्नेशियम ट्रीटमेंट देताना लॅडलमधून उठणारा पांढरा लखलखाट तुम्ही रोज बघता. ही पावडर त्याहून बारीक असते आणि पाणी लागलं की उलट हायड्रोजन सोडते. आग लागली तर पाणी नाही, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. वाळू चालेल, पण मोल्डिंगवरची ग्रीन सँड उचलून टाकू नका, तिच्यात तीन-चार टक्के पाणी असतं. भाजून कोरडी केलेली वाळू झाकणाच्या पिंपात वेगळी भरून ठेवा, आणि पावसाळ्यात ते झाकण खरंच घट्ट बसतंय का ते बघत जा.